जिन्यावरचा नेपाळ

बसमध्ये बसले की सर आधी शर्टाच्या खिशातून संत्र्याचं साल काढायचे. हंगामात ताजं, एरवी वाळवून ठेवलेलं. ते नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "चालू द्या आता." सौसर ते पांढुर्णा हा काही घाटाचा रस्ता नाही, तरी सरांना बस लागायची. वळण आलं की त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला गाडी लागते, याची आमच्या शाळेत मोठी गंमत होती. बडे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, पाहुण्यांना ओळख करून देतानाच सांगायचे, "हे आमचे सामाजिक विज्ञानाचे सर. पोट्ट्याइले सारी दुनिया फिरवून आणतात, अन् स्वतः सौसरच्या पलीकडे गेले नाहीत." सरांना राग यायचा नाही. "नागपूरले गेलो ना जी एकदा," ते म्हणायचे. "कंडक्टर अजून ओळखते मले."

मी त्या शाळेत गणित शिकवायला लागले तेव्हा नवी होते. आमचं घर सौसरला, वडिलांचं कापसाचं आणि संत्र्याचं वावर गावाला लागून. सरही सौसरचेच, त्यामुळे सकाळची बस एकच. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही. विचारलं, "मॅडम, तुमच्या वावरातलं पाणी कुठं जाते?"

मी म्हटलं, "नाल्यात."

"अन् नाला?"

"नदीत."

"अन् नदी?"

पुढचं मला येईना. मग सरांनी एका हातानं साल नाकाशी धरून दुसऱ्या हाताच्या बोटानं खिडकीच्या धुळकट काचेवर रेघ ओढली. जाम, मग कन्हान, मग वैनगंगा, मग गोदावरी, आणि शेवटी काच संपली तिथे बंगालचा उपसागर. "मतलब तुमचं वावर समुद्राले लागून हाये," ते म्हणाले. "कायले स्वतःले आडगावचं समजता?"

असे आमचे सर. अंगानं किरकोळ, कान मोठे, शर्ट नेहमी पांढरा आणि कडक इस्त्रीचा. वडील मोहगावकडे दुसऱ्यांच्या शेतावर राबले, आईनं रोजंदारी करून यांना शिकवलं. बौद्ध घर. आईला एकदा लुंबिनी बघायची होती, बुद्ध जिथे जन्मले ती जागा. सर तेव्हा शाळेत शिकत होते. त्यांनी नकाशात बोट ठेवून आईला लुंबिनी दाखवली होती आणि मोठा झालो की नेतो असं सांगितलं होतं. ते मोठे होईपर्यंत आई राहिली नाही. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही बस बंद पडून आम्ही रस्त्याच्या कडेला उभे होतो म्हणून.

'परदेश' हा शब्द सरांना चालायचा नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांना ते 'शेजार' म्हणायचे. पुस्तकात शेजारी देशांना मिळून जेमतेम दोन पानं होती. एखाद्या शिक्षकानं ती एका तासात संपवली असती. सर दरवर्षी त्यातला एक देश घ्यायचे आणि महिनाभर त्यात राहायचे. त्यातही नेपाळ आला की त्यांना दुसरं काही सुचायचं नाही.

नेपाळाच्या महिन्यात ते आपलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचे, कारण तिथली वेळ आपल्यापेक्षा तेवढी पुढे आहे. त्या महिन्यात ते बस स्टँडवर लवकर यायचे आणि आम्ही सगळे उशिरा आलो म्हणून कुरकुरायचे. फळ्यावर तारीखही नेपाळी लिहायचे. तिथलं साल आपल्यापेक्षा सत्तावन्न वर्षं पुढे असतं. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गात शिरले, फळ्याकडे बघून थबकले आणि खिशातून चष्मा काढला. "सर, ही कोणती तारीख हो?" सर अदबीनं म्हणाले, "शेजारची." साहेबांनी चष्मा पुन्हा खिशात ठेवला आणि पुढच्या वर्गात गेले. त्याच महिन्यात सरांनी बड्या सरांकडे एक विनंतीही केली होती. नेपाळात सुट्टी रविवारी नसते, शनिवारी असते. तेव्हा या महिन्यात पोरांना शनिवारी घरी ठेवावं आणि रविवारी बोलवावं. बडे सर म्हणाले, "अजी, तुमी रविवारी या. मी घरी झोपून राहीन."

दिवाळीत सौसरच्या बस स्टँडवर मी त्यांना एका भटक्या कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालताना पाहिलं आहे. नरकचतुर्दशीचा दिवस होता, मी बाजाराला निघाले होते. कुत्रा बावचळलेला, भोवती पाच-पंचवीस माणसं. सरांनी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, पुढ्यात पोळी ठेवली आणि गर्दीकडे वळून म्हणाले, "आज नेपाळात घरोघरी कुत्र्याची पूजा हाये. वर्षभर राखण करते, तं एक दिवस त्याचा." कुणीतरी हसून म्हणालं, "सर, तुमचं डोकं फिरून राहिलं." सर म्हणाले, "फिरू द्या. एका जागी राहून बी काय करते?"

पण सगळ्यात गाजला तो जिना.

आमची शाळा दुमजली होती आणि जिना बाहेरून थेट गच्चीपर्यंत जायचा. सरांनी एक दिवस सगळा वर्ग जिन्याखाली नेला. खालच्या पायऱ्या म्हणजे तराई. तिथे पोरांना दाटीनं बसवलं. इथे उकडतं, इथे भाताची शेती, इथे जंगलात गेंडे, आणि इथेच लुंबिनी. थोडं वर चढले की पहाड सुरू. डोंगराला पायऱ्या पाडून केलेली शेती, मका, कोदो म्हणजे आपली नाचणी, दगडामातीची घरं. मधल्या वळणावरची सपाट जागा म्हणजे काठमांडूचं खोरं. तिथे एके काळी मोठं तळं होतं आणि एकानं तलवारीनं डोंगर कापून पाणी वाट करून दिलं, अशी तिथली कथा. ती सांगताना सरांनी फुटपट्टीनं असा काही वार केला की पुढची दोन पोरं खरंच मागे सरकली. तिथल्या छोट्या छोट्या राज्यांची भांडणं, मग एका डोंगरी राजानं ती सगळी जिंकून केलेला एक देश, आणि अलीकडे लोकांनी राजाला घरी बसवून आणलेलं प्रजेचं राज्य, हे सगळं त्या एका वळणावर झालं. मग वर, गच्ची. गच्ची म्हणजे हिमाल.

गच्चीवर सरांनी बर्फाच्या कारखान्यातून आणलेल्या लाद्या मांडून ठेवल्या होत्या. पोरांना चपला काढायला लावून त्यांनी एकेकाला त्यांवर उभं केलं. "आता सांगा, इथं शेती होईल का?" पोरं ओरडत, नाचत होती. खाली वर्गांत पाणी गळायला लागलं तेव्हा बडे सर धापा टाकत वर आले.

"काय करून राहिले सर तुमी?"

"हिमाल दाखवून राहिलो."

"अन् खाली पानी येऊन राहिलं थे?"

सर पोरांकडे वळून म्हणाले, "लिहून घ्या रे. हिमालाचा बर्फ वितळते, त्यातून नद्या निघतात."

बड्या सरांनी कपाळाला हात लावला. पण जाताना मी त्यांना हसताना पाहिलं.

त्याच सुमाराला पांढुर्ण्याला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नेपाळी जोडपं मोमो आणि चाऊमीनची गाडी लावायला लागलं होतं. नवरा कढईवर, बायको मोमो वळायला. पोरं जाता-येता हाक मारायची, "ए बहादूर, एक प्लेट!" मोठी माणसंही तसंच म्हणायची. एक दिवस शाळा सुटल्यावर सर मला म्हणाले, "चला मॅडम, शेजारी आले, भेटून येऊ."

सर गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याला विचारलं, "तुमचं नाव काय जी?"

"बहादूर."

"थे तं लोकाइनं ठेवलेलं. आईनं काय ठेवलं?"

त्या माणसानं झारा खाली ठेवला. नगरपालिकेचा कुणी असेल म्हणून तो घाबरला असावा. "सूर्य," तो म्हणाला. "सूर्य तामाङ."

"गाव तराईत का पहाडात?"

आता तो सावकाश हसला. त्या रस्त्यावर कढईसमोर उभं राहून हे त्याला कुणी विचारलं नसणार. "पहाड. नुवाकोट. साब, आप गये हो?"

"गेलो ना," सर म्हणाले. "जिन्यानं."

पुढच्या आठवड्यात सूर्य धुतलेला शर्ट घालून आमच्या शाळेत आला. सरांनी त्याला जिन्याखाली पोरांसमोर उभं केलं आणि स्वतः मागच्या पायरीवर जाऊन बसले. पोरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "तुमच्या घरी लय बर्फ पडते का?" सूर्य संकोचानं म्हणाला की त्याच्या गावात बर्फ पडत नाही. दारातून लांबचे पांढरे डोंगर दिसतात, पण बर्फाला पहिल्यांदा हात लावला तो पांढुर्ण्यात, कोल्ड्रिंकच्या दुकानात. पोरं हिरमुसली. सर मात्र खुशीत उठले. "पाहा! मी चुकलो. साऱ्या नेपाळाले बर्फात घातलं मी. खोडा तुमच्या वहीतलं."

मग सूर्य आपणहून जिना चढायला लागला. वळणाच्या थोडं खाली एका पायरीवर थांबला. शेजारच्या भिंतीवर त्यानं तळवा ठेवला आणि म्हणाला, "मेरा घर यहाँ है." थोड्या वेळानं म्हणाला, "इधर मेरी माँ है. और बेटी, सरिता. तुम लोगों से थोडी छोटी."

त्या दिवसापासून शाळेतलं कुणी त्याला बहादूर म्हटलं नाही. गाडीवर गेलं की पोरं आधी विचारायची, "सूर्यकाका, सरिता काय म्हणते?" आणि सूर्य फोनवर बोललेलं सगळं सांगायचा. बकरीला पिलू झालं. आजीचे गुडघे दुखतात. सरिताला आता जोडाक्षरं येतात.

दोन वर्षांनी, एप्रिलात, नेपाळात तो मोठा भूकंप झाला.

शनिवार होता. सकाळची शाळा करून सर आणि मी स्टँडवर आलो. चहाच्या हॉटेलातला टीव्ही चालू होता आणि लोक उभे राहून बघत होते. काठमांडूतले पडलेले मनोरे, विटांचे ढीग, रस्त्यावर बसलेली माणसं. आमची बस लागली होती ती सरांनी सोडली आणि स्टेशन रोडकडे जवळजवळ पळत निघाले. मी त्यांच्या मागे.

सूर्य गाडी न उघडता तिच्या चाकाशी बसला होता. फोन लावत होता, कापत होता, पुन्हा लावत होता. बायको, फुलमाया, बाजूला उभी. तिला सातवा महिना होता. गावाचा फोन लागत नव्हता, तालुक्याचा लागत नव्हता, काठमांडूतल्या भावाचाही लागत नव्हता.

"मैं निकलता हूँ," सूर्य म्हणत होता. "आज ही निकलता हूँ." पण उठत नव्हता.

फुलमाया सरांकडे वळली. "आप साथ जाइये ना," ती म्हणाली. "आपको रास्ता मालूम है."

मला वाटलं, सर आता खरं सांगतील. नागपूरपर्यंत जाताना ज्यांची दशा होते त्यांना कसला रस्ता माहीत? सरांनी खिशातलं वाळलेलं साल चाचपलं. "हाव," ते म्हणाले. "मालूम हाये. मी जातो."

फुलमायाला एकटी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून मी तिला आमच्या घरी नेते म्हटलं. सर तिला पोचवायला सौसरला आले. इतक्या वर्षांत ते आमच्या फाटकाच्या आत कधी आले नव्हते. नेहमी बाहेर उभं राहून बोलायचे, आत या म्हटलं की "बस आली" म्हणायचे, बस आलेली नसली तरी. त्या दिवशी मात्र ते फुलमायाची पिशवी घेऊन थेट अंगणात आले. आई पाण्याचा गडू घेऊन बाहेर आली. तिनं तो आधी फुलमायाला दिला, मग सरांना. सर तो गडू घेऊन जरा उभेच राहिले आणि मग सगळं पाणी प्याले. आईनं फुलमायाच्या पाठीवर हात ठेवला. "ये माय, आत ये. काही खाल्लं का नाई?"

वडिलांनी गोठ्यातून कापसाच्या गाडीवर झाकायची मोठी ताडपत्री काढली आणि घडी घालून सरांपुढे ठेवली. "घरं पडली असतीन," ते म्हणाले. "हे कामी येईन."

सर आणि सूर्य त्याच संध्याकाळच्या गाडीनं निघाले. इटारसी, मग गोरखपूर, मग सीमेपलीकडे बस.

पुढचे दिवस फार वाईट गेले. फुलमाया स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहायची, ताटातलं अन्न तसंच. एकदा मी तिच्याजवळ बसले तर ती म्हणाली, "स्कूल पत्थर का है. छत पे भी पत्थर." तिच्या डोळ्यांसमोर काय आहे ते मला कळलं. दुपारची वेळ, पोरं वर्गात, आणि वर दगडी छत. आणि मग मला एकदम आठवलं. मी तिचा दंड धरला. "फुलमाया, शनिवार होता! तुमच्याकडे शनिवारी शाळा नसते ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. इकडे राहून राहून तिच्या अंगात आमचा रविवार मुरला होता. "शनिवार," ती म्हणाली. "हाँ. शनिवार." मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. आई आतून ताट घेऊन आली आणि त्या दिवशी फुलमाया थोडा भात जेवली. अजून काहीच कळलं नव्हतं, पण तेवढ्यावर आम्ही तिघींनी पुढचे दिवस काढले.

शेवटी अनोळखी नंबरवरून फोन आला. सरांचा आवाज खोल गेलेला.

"मॅडम, पोट्टी हाये."

"काय सर? काय म्हणाले?"

"हाये, हाये म्हणून राहिलो ना. सरिता हाये. इथंच, माझ्या जवळ उभी हाये. आजीच्या पायावर भिंत पडली, पण थे बी हाये."

फुलमायानं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. ती तिच्या भाषेत काय बोलली ते मला कळलं नाही. आई देवघरासमोर जाऊन उभी राहिली होती. आल्यावर म्हणाली, "आता मी बी जेवतो."

सरिता बकऱ्या घेऊन वर गेली होती म्हणून वाचली. घर सगळं खाली आलं होतं. शाळाही पडली होती, रिकामी.

त्यानंतर सरांचे फोन मधून मधून यायचे. मला वाटलं होतं ते आता तिथली एकेक गोष्ट वर्णन करून सांगतील. तसं झालं नाही. एकदा म्हणाले, "मॅडम, मी नेहमी शिकवतो, नेपाळ पहाडी देश हाये. लय सोपं वाटते बोलाले. इथं पहाड सरकला तं गाव सरकते. अन् तरी सकाळी उठून बाया पाणी आणून राहिल्या, मका पेरून राहिल्या." मग म्हणाले, "मी काय सांगत होतो जी पोट्ट्याइले इतके दिवस?" मी म्हटलं, "सर, तुम्ही सांगितलं म्हणूनच तर आम्हाला शनिवार माहीत होता." मग फोन कटला.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तरी सर परतले नाहीत. वडिलांची ताडपत्री तिथे बांबूंवर ताणली गेली. रात्री तिच्याखाली कुटुंबं झोपायची आणि दिवसा गावची पोरं बसायची. मोठी माणसं ढिगारे उपसत असताना पोरांना कुठेतरी गुंतवणं गरजेचं होतं, आणि सरांना दुसरं काही येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. नेपाळ नाही, आपल्याकडचं. सूर्य शेजारी उभा राहून त्यांचं बोलणं तिथल्या भाषेत सांगायचा. त्यानं हे सगळं मला नंतर हसत हसत सांगितलं. सरांनी उतारावरच्या शेतांच्या पायऱ्यांवर पोरांना बसवलं. सगळ्यात खालचं शेत म्हणजे समुद्र, त्याच्या वर गोदावरीचा मुलूख, मग वैनगंगा, आणि जरा वरच्या बांधावर सौसर आणि पांढुर्णा. पिशवीत त्यांनी कापसाचं एक बोंड नेलं होतं, ते हातोहात फिरलं. संत्र्याची सालंही फिरली. पोरं ती नाकाशी धरून बसली.

एका पोरीनं विचारलं, "तुमच्याकडे पहाड नाहीत, तर सकाळचा सूर्य कुठून वर येतो?"

हा प्रश्न सर पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत. "मी म्हटलं, वावराच्या धुऱ्या-बांधावरून येते. तं पोट्टी म्हणते, इतक्या खालून? मंग तं त्याले लय चढा लागत असन."

आणि प्रवासाचं विचाराल तर सरांचं व्हायचं ते झालंच. काठमांडूपर्यंतच्या वळणांवर त्यांच्या पोटात काही राहिलं नाही. पुढच्या कच्च्या रस्त्यावर तर बसवाल्यानं त्यांना दाराशीच बसवलं. सूर्य सांगतो, "मैं घर के लिए रो रहा था, और सर का सिर पकड के बैठा था. उनको संभालने में मेरा रोना बंद हो गया."

जाताना ते लुंबिनीच्या अगदी जवळून गेले. सीमा ओलांडली की थोड्याच अंतरावर फाटा आहे. सूर्य म्हणाला होता, सर, उतरून या, मी थांबतो. सर उतरले नाहीत. मला ते एवढंच म्हणाले, "बाजूलेच होतं. पण आधी पोट्टी पाहाची होती." येताना मात्र सगळेच गेले. पायाला फळी बांधलेली आजी सूर्याच्या पाठीवर, सरिताचा हात सरांच्या हातात. सरांनी तिथे पोचल्यावर चपला काढल्या. ते काही सांगायला लागतील म्हणून सरिता वाट बघत होती. त्यांनी फक्त एकदा आपल्या आईचं नाव मोठ्यानं घेतलं, जसं कुणी दारात उभं राहून आतल्या माणसाला हाक मारतं तसं. मग तिथल्या तळ्याच्या काठी बराच वेळ बसून राहिले.

आता पांढुर्णा जिल्हा झाला आहे. सूर्याची गाडी जाऊन तिथेच लहानसं हॉटेल झालं, आणि पाटीवर त्याचं स्वतःचं नाव आहे. सरिता आमच्या शाळेत शिकली. सुरुवातीला मराठी येत नव्हतं, वर्षभरात बड्या सरांशी वऱ्हाडीत वाद घालायला लागली. आता ती काठमांडूला नर्सिंग शिकते. भूकंपाच्याच वर्षी जुलैत सौसरच्या सरकारी दवाखान्यात फुलमायाला मुलगा झाला. तो कुणी विचारलं तर म्हणतो, "मी इथलाच हाव, अन् तिथला बी हाव." आजीचा पाय पावसाळाभर आमच्याकडे राहून बरा झाला. पुढे गावी नवं घर उभं राहिलं आणि ती परत गेली. सर निवृत्त झाले. दर हिवाळ्यात ते तिकडे जातात. तिथल्या नव्या शाळेत महिनाभर शिकवतात, आणि बस अजूनही लागतेच.

पण मला सरांची आठवण येते ती जून महिन्यातल्या एका दुपारची, ते सगळे परतले तेव्हाची.

आम्ही सौसरच्या स्टँडवर गेलो होतो. बसमधून आधी सरिता उतरली. आपल्या आईला बघून तिचे पाय थांबले, कारण फुलमायाचं पोट एवढं मोठं झालेलं तिनं पाहिलं नव्हतं. मग ती धावली. तिच्या मागून सूर्य आजीला उचलून घेऊन आला आणि शेवटी सर. काळवंडलेले, दाढी वाढलेली, इस्त्रीचा शर्ट कुठे तरी हरवलेला.

घरी आल्यावर आईनं ओट्यावर चटई टाकली आणि आजीला बसवलं. आजीला तिची तामाङ भाषा आणि थोडं नेपाळी यायचं, हिंदी नाही. आईला वऱ्हाडीशिवाय काही येत नाही. दोघी समोरासमोर बसल्या. आईनं आजीचा पाय हलकेच मांडीवर घेतला, फळीच्या वर, खाली चाचपलं आणि विचारलं, "दुखते का बाप्पा इथं?" आजीनं तिच्या भाषेत लांबलचक काही सांगितलं. हातानं भिंत दाखवली, ती पडताना दाखवली, मग बकऱ्या, मग आकाश. आईनं मान हलवली आणि आपलं ढोपर पुढे करून ती विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली होती तेव्हाचं सगळं सांगितलं. आजी "हो, हो" करत ऐकत होती.

सर अंगणात उभे होते. त्यांना राहवेना. ते दोघींच्या मध्ये वाकले. "बाई, थे काय म्हणून राहिल्या, मी सांगतो. त्याइच्याकडे पहाडात घरं अशी दगडाची राहतात, मतलब त्याची रचना..."

आईनं वर पाहिलं.

"समजलं जी मले," ती म्हणाली. "तुमी बसा जराशे गुपचूप. आम्ही बोलून राहिलो ना."

सर तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि ते बसले, ओट्याच्या कडेला, गुडघ्यांवर हात ठेवून, पहिल्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखे. आजी आईच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली आणि दोघी म्हाताऱ्या सरांकडे बघून इतक्या हसल्या की आईच्या मांडीवरचा पाय हलला आणि आजी कळवळून पुन्हा हसली.

आजी काय म्हणाली होती ते आम्हाला कुणालाच कधी कळलं नाही.